उशीखालची डबी

२०१९ च्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीच्या सोबतीला टोरोंटोला गेले, तेव्हा तिच्या फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेला चार महिने लोटले होते. जखम भरली होती. दुखणे मात्र सरले नव्हते. छाती उघडताना फासळ्यांमधल्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते आणि व्रण बुजल्यावरही तेथे आग होत राहते, हे मला ठाऊक नव्हते. मला दिसली ती केवळ तिच्या उशीखालची गोळ्यांची डबी.

गोळ्या हायड्रोमॉर्फोनच्या, म्हणजे मॉर्फिनच्याच कुळातल्या. "ताई, तुला याची चटक लागली आहे," असे म्हणून एके दिवशी मी ती डबी लपवली. आपण तिला वाचवीत आहोत, असेच मला वाटत होते. रात्री तिला दरदरून घाम फुटला. जांभया, अंगावर काटा, पोटात कळा. पहाटेपर्यंत ती तळमळत होती. "दुखतं म्हणून घेते गं, हौस म्हणून नाही," एवढेच ती म्हणाली. मी निमूटपणे डबी तिच्या हाती दिली.

पुढे तिच्या डॉक्टरांनी तिला टोरोंटो जनरल हॉस्पिटलच्या 'ट्रान्झिशनल पेन सर्व्हिस'कडे पाठवले. शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या रुग्णाची वेदना आणि त्याच्या गोळ्या, या दोहोंकडे लक्ष देण्यासाठी २०१४ साली हा विभाग सुरू झाला. वेदनातज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ तेथे एकत्र काम करतात.

तेथे प्रथम माझाच गैरसमज दूर झाला. शरीराला औषधाची सवय होणे वेगळे आणि व्यसन जडणे वेगळे. बरेच दिवस घेतलेली गोळी एकाएकी तोडली, तर शरीर बंड करून उठते. म्हणून मात्रा थोडीथोडी उतरवायची, प्रसंगी मध्ये थांबायचे आणि मज्जातंतूंच्या वेदनेवर निराळे औषध द्यायचे, असे ठरले. मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारले, "दुखणे असले, तरी तुम्हांला काय करावेसे वाटते?" ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तांदळाच्या भाकऱ्या थापाव्याशा वाटतात."

पहिल्या दिवशी एकच भाकरी झाली, तीही वेडीवाकडी. आठवड्याने तीन झाल्या. मी परतले तेव्हा गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या. दुखणे पुरते गेले नव्हते. पण डबी उशीखालून कपाटात गेली होती आणि रोजची गोळी ताई माझ्यादेखत मोजून घेत होती.

आजारी माणसाच्या उशाशी बसले, की ती रात्र आठवते. तिच्या दुखण्याआधी मी तिच्या गोळ्या पाहिल्या, ही खंत अजून गेलेली नाही.