धुकं स्वस्त पडतं

‘बाजी’त खरा गुन्हेगार कोण हे मला पाठ आहे, तरी पावसाळ्यात एकदा तरी तो सिनेमा लावतोच. 1951 चा, काळापांढरा. देव आनंदचा मदन जुगारी, घरी आजारी बहीण, खिशात दमडी नाही. एका क्लबाच्या मालकासाठी तो गिऱ्हाइकं गाठायला लागतो. हा मालक काळोखात बसलेला. आवाज येतो, तोंड दिसत नाही. शेवटी तो निघतो नायिकेचा प्रतिष्ठित बाप. काम के. एन. सिंग यांचं. पिटातल्या पब्लिकने त्यांना पडद्यावर आल्याआल्याच मनातल्या मनात बेड्या घातल्या असणार, त्यामुळे रहस्यपट म्हणून सिनेमा तसा लंगडाच. त्यातला काळोख मात्र अस्सल.

नवकेतन तेव्हा नवी कंपनी. 1949 मध्ये निघालेली, पहिला ‘अफसर’ आपटलेला. दिग्दर्शकही नवा. गुरुदत्त आणि देव आनंद यांची ओळख पुण्यात ‘प्रभात’मध्ये झाली, धोब्याने शर्ट अदलाबदल केल्यामुळे, हा किस्सा आता इतक्यांदा सांगून झालाय की खरा मानायलाच हवा. तू दिग्दर्शक झालास तर नायक मी, मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, असा शब्द दोघांनी एकमेकांना दिला होता. देव आनंदने तो पाळला. कॅमेऱ्यावर व्ही. रात्रा, आणि त्यांच्या हाताखाली व्ही. के. मूर्ती नावाचा सहायक. एका गाण्यात आरशाच्या आधाराने घ्यायचा अवघड शॉट मूर्तींनी सुचवला आणि घेऊनही दाखवला. गुरुदत्तने माणूस हेरला. पुढच्याच वर्षी ‘जाल’ला कॅमेरा मूर्तींकडे, आणि ‘प्यासा’, ‘कागज के फूल’पर्यंत तो त्यांच्याचकडे राहिला.

मला मौज वाटते ती हिशेबाची. खोली पूर्ण उजळली की चारही भिंती दाखवाव्या लागतात. भिंती आल्या की रंग आला, फर्निचर आलं, सुतार आला. एकच दिवा टेबलावर ठेवा, बाकी काळोख करा. सुताराची मजुरी वाचली आणि वर बघणाऱ्याच्या पोटात गोळा. सावलीची शैली जर्मनीतून आली, युद्धामुळे माणसं उदास झाली होती, हे सगळं अभ्यासक सांगतात आणि ते खोटं नाही. पण निम्मी शैली तरी निर्मात्याच्या कंजुषीतून आली असावी, असं माझं मत आहे.

या मताला सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतला. 1945 चा ‘डिटूर’. पीआरसी ही हॉलिवूडमधली गरिबांची कंपनी, दिग्दर्शक एडगर उल्मर, सिनेमा जेमतेम सव्वा तासाच्या आतला. नायक आणि त्याची प्रेयसी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून रात्री चालतात, असा प्रसंग आहे. न्यूयॉर्क उभारायला पैसे कुठून आणायचे? म्हणून धुकं सोडलंय. दाट, पांढरं, दोन हातांवरचं दिसू नये असं. मधूनच एखादी पाटी, एखादा दिवा, की झालं न्यूयॉर्क. याच सिनेमाला 1992 मध्ये अमेरिकेने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत बसवलं. धुक्यासकट.

आमच्या बाजूला, म्हणजे मांडव्यापासून किहीम-आवास पट्ट्यात, रात्री समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की पलीकडे मुंबईचा उजेड दिसतो. माणसं नाहीत, इमारतीही धड नाहीत; नुसता क्षितिजाला चिकटलेला पिवळट पट्टा. ‘बाजी’, ‘आर पार’, ‘सी.आय.डी.’ या सिनेमांतली मुंबई मला नेहमी या बाजूने बघितल्यासारखी वाटते. तिकडे क्लब आहेत, मोटारी आहेत, तोंड न दाखवणारे मालक आहेत. इकडे सुपारीची वाडी आणि नऊला निजानीज. नोकरीला गेलेला मुलगा तिथे नक्की काय करतो, हे इथल्या कित्येक घरांना पत्रातून कळायचं तेवढंच कळायचं. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड इथेही हातोहात फिरायचे, पानं सुटेपर्यंत. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. खून कुठे होतात, तर मुंबईत, अशी खात्री त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या करून दिली.

किनारा या सिनेमांत येतो तो फार तर माल उतरवायला. ‘जाल’मध्ये कोळ्यांचं गाव आहे, गीता बालीची मारिया आहे आणि देव आनंदचा टोनी चक्क स्मगलर. सोन्याच्या आयातीवर निर्बंध होते, आखातातून गलबतं येत होती, तेव्हा कथेला बाहेर जायची गरज नव्हती. तरी पाप शहरातून येणार आणि गाव भोळंच राहणार, ही वाटणी ठरलेली.

ती वाटणी किती खोटी, ते 1993 च्या जानेवारीत कळलं. आमच्याच रायगडच्या किनाऱ्यावर, दिघीला, चोरटा माल उतरला. ट्रक निघाले आणि गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले. इथवर ‘सी.आय.डी.’तला इन्स्पेक्टर शेखर शोभला असता. पुढे सौदा झाला. पुरती रक्कम जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं, आणि 12 मार्चला मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले त्यांत 257 माणसं गेली. ते पोलीस खटल्यात दोषी ठरले, कस्टमचे काही अधिकारीही. तारण ठेवलेल्या चांदीच्या विटा! एखाद्या पटकथाकाराने हा तपशील लिहिला असता तर निर्मात्याने भडक म्हणून कापला असता.

जुन्या सिनेमांना एवढी मोकळीक नव्हतीच. आमच्याकडे मदन फासावरून सुटणार, शेखरवरचा आळ धुतला जाणार. तिकडे ‘डिटूर’चा नायक मोकाट राहिला असता, पण गुन्हेगाराला शिक्षा दिसलीच पाहिजे, अशी तिथली आचारसंहिता, म्हणून शेवटी पोलिसांची गाडी येते आणि त्याला उचलून नेते.

खरा तपास म्हणाल तर तो आमच्या किहीमला 1930 साली झाला, आणि तोही बिनपैशाचा. सलीम अली बर्लिनहून शिकून आले होते, हाताला नोकरी नव्हती. समुद्राकाठच्या घरात राहायला आले आणि सुगरणींवर नजर ठेवून बसले. शिडीवर आडोसा करून दिवसचे दिवस. कोण आलं, कोण गेलं, कुठल्या घरट्यात कोण शिरलं, याची नोंद. निष्पन्न काय झालं, तर नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर मुक्काम करते. मग हे महाशय ते पुरं करून शेजारी दुसरं विणायला घेतात, दुसरीसाठी. लफडं उघडकीस आलं. पाळत, एक शिडी आणि न कंटाळणारा माणूस, एवढ्यावर. या कथेत फक्त हॅटवाला डिटेक्टिव्ह नाही.

आणि नायकाविषयी. या सिनेमांतला नायक स्वतःला फार शहाणा समजतो आणि सगळे त्याला बनवतात. मुंबईत अशा माणसाला ‘अलिबागसे आया है क्या?’ विचारतात. आमच्या एका तालुकाबंधूला ते इतकं झोंबलं की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 2019 मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं बजावून. कोर्टाशी मी सहमत आहे, जरा नाराजीने.

‘डिटूर’मधली एक चूक जगभरचे जाणकार चवीने दाखवतात. नायक अंगठा दाखवून गाड्या थांबवतो, त्या दृश्यांत निगेटिव्ह उलटी लागली आहे. प्रवास पडद्यावर एकाच दिशेने दिसावा म्हणून मुद्दाम उलटी लावली, असं म्हणतात. परिणाम असा की अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डावीकडून धावतात आणि स्टिअरिंग उजवीकडे. मी तो सिनेमा तीनदा पाहिला. अलिबाग-पेण रस्त्यावर उभं राहून आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात वावगं काय दिसणार?