पाहुणे म्हणाले, "आधी वायनरी!"

नाशिककराच्या घरी पाहुणा आला की पूर्वी कार्यक्रम ठरलेला असे. सकाळी रामकुंड, मग काळाराम, सीतागुंफा, दुपारी तपोवन, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर आणि निघताना पिशवीत चिवडा नि बेदाणे. गेल्या फेब्रुवारीत ठाण्याहून आमचा भाचा नि त्याची बायको आली, ती चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "मामी, त्र्यंबक उद्या. आज आधी वायनरी!"

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. कारण समोर आमच्या जाऊबाई मेथी निवडत बसल्या होत्या. आमचे थोरले दीर दारूपायी गेले. त्याला बावीस वर्षं झाली, पण आमच्या घरात 'बाटली' हा शब्द अजून तेलाच्या बाटलीपुरताच निघतो.

मी काहीतरी सबब शोधत होते, तोच जाऊबाईंनी जुडी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "जाऊ या की! मीही येते. गावभर ज्याचं नाव चाललंय ते आहे तरी काय, बघू."

तर आम्ही गेलो. गंगापूर रस्त्याने निघालं की शहराबाहेर गोवर्धनच्या बाजूला 'सुला' लागते. राजीव सामंतांनी आपल्या आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून हे नाव ठेवलं. २००० साली इथली पहिली वाइन बाजारात आली आणि खायच्या द्राक्षांच्या आपल्या नाशिकला नवीच ओळख मिळाली.

तिथं एक मुलगी सगळं फिरून दाखवते. वाइनची द्राक्षं आपण खातो तसली नव्हेत हो! बारीक, बियांची, जाड सालीची. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढराच निघतो, लाल वाइनला रंग येतो तो सालीचा. म्हणून ती सालीसकट आंबवतात आणि पांढरी वाइन नुसता रस काढून. डोशाचं पीठ रात्रभर ठेवलं की कसं फुगतं, तशीच रसातली साखर यीस्टमुळे आंबते, फक्त इथं तिचं मद्य होतं. भल्या मोठ्या स्टीलच्या टाक्या, त्यांना थंड ठेवायची सोय आणि आत ओकच्या लाकडाची पिंपं. जाऊबाई पदर खोचून सगळं बघत होत्या. "एका बाटलीला किती द्राक्षं लागतात गं?" त्यांनी विचारलं. "किलो-सव्वा किलो, आजी." "म्हणजे महागाचंच काम!"

मग सगळ्यांपुढं चाखायला ग्लास आले. आम्ही दोघींनी "नको" म्हटलं, तिनं हसून पाणी आणून दिलं. भाचेसुनेनं ग्लास हलवून, वास घेऊन, घोटभर चाखली. भाच्यानं ग्लास उचलला, तेव्हा जाऊबाई हळूच म्हणाल्या, "गाडी कोण चालवणार?"

"मीच. दोनच घोट आहेत, मोठ्या मामी."

"तुझे मामाही असंच म्हणायचे रे."

क्षणभर कुणी बोललं नाही. भाच्यानं ग्लास खाली ठेवला तो ठेवलाच.

मला वाटलं, दिवस फुकट गेला. पण तिथून आम्ही जवळच्या 'यॉर्क'ला गेलो. मूळ मालकांच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. २०२१ साली ही वायनरी सुलाने घेतली. इथून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. सूर्य कलत होता आणि जाऊबाई आपणहून बोलू लागल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी दीर मोसमात रोज द्राक्षं आणायचे, प्रत्येक पेटीतला एकेक मणी चाखून घड निवडायचे, म्हणून बाजारात त्यांना सगळे हसायचे! बावीस वर्षांत त्यांच्याविषयी आम्ही पहिल्यांदाच असं बोललो. आम्हां साऱ्यांना वाटे की विषय काढला की त्यांना त्रास होईल. खरं तर गप्प बसण्याचाच त्यांना त्रास होत होता.

आता तुमच्याकडं पाहुणे आले तर चार गोष्टी सांगून ठेवते. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ, वेलींवर घड तेव्हाच दिसतात. एप्रिलच्या छाटणीनंतर बाग उघडीबोडकी असते. शनिवार-रविवार फार गर्दी, जमलं तर मधला वार धरा आणि आधी फोन करून वेळ ठरवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे, त्या दिवशी चाखायला मिळत नाही. गर्दी नको असेल तर इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाजवळची 'व्हॅलोने' ही छोटी वायनरी बघा. पुढं पावसाळ्यात आम्ही दोघी जावा तिकडं गेलो, नुसते डोंगर बघून मन भरलं.

मुख्य म्हणजे, न पिताही जाता येतं. "नको" म्हणायला लाजू नका आणि "नको" म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. आग्रह पुरणपोळीचा करावा! चाखणाऱ्यानं पोटात काही घालून चाखावं आणि गाडीच्या चाकाला हात लावू नये. वाइन तब्येतीला बरी, असं कुणी सांगितलं तर कानामागं टाका. मद्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट म्हटलं आहे.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला जाताना रस्त्याकडेला द्राक्षवाला दिसला. जाऊबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि प्रत्येक पेटीतला एकेक मणी चाखून दोन किलो घेतली. द्राक्षवाला हसला. आम्हीही हसलो, आणि त्याही.