अडवलेले तीस ठोके

प्रत्यारोपण केलेलं हृदय, माणूस निवांत बसलेला असतानाही, मिनिटाला ९० ते १००च्या चालीनं धडधडत असतं. ताप नाही, धास्ती नाही, जिना चढलेला नाही. एका देहातून दुसऱ्या देहात येताना रक्तवाहिन्या जोडल्या जातात, पण हृदयाकडे जाणारे चेतातंतू तुटतात ते तुटतातच. मग हृदय आपल्या मूळ चालीवर येतं. ही चाल त्याला कोणी शिकवलेली नाही. त्याच्या उजव्या कप्प्यातल्या एका इवल्याशा गाठीची ती स्वतःची लय.

म्हणजे तुमच्या-माझ्या मनगटाशी सत्तरच्या आसपास जी नाडी लागते, तिच्यामागे दर मिनिटाला वीस-तीस ठोके कोणीतरी अडवून धरत असतं. हे समजल्यापासून शांत माणसांबद्दल मला वेगळाच आदर वाटू लागला आहे. त्यांच्या आत काहीच चाललेलं नसतं अशी माझी समजूत होती. खरं तर आत अखंड राबणूक चालू असते.

राबते ती व्हेगस. मेंदूच्या तळातून निघणारी ही नस मानेतून, छातीतून थेट पोटात उतरते. वाटेत हृदयाला आवरते, खाली जाऊन आतड्यांना कामाला लावते. आपण खुर्चीतून उठलो की उतारावरच्या गाडीवानासारखी ती आधी कासरा सैल सोडते. चाबूक उगारायची वेळ बरीच नंतर येते.

चाबूक दुसऱ्याच्या हाती आहे. आपल्याला न विचारता चालणाऱ्या या स्वायत्त कारभाराच्या दोन शाखा: चाबूक धरणारी सिंपथेटिक, आणि व्हेगस जिच्यात मोडते ती पॅरासिंपथेटिक. हुकूम दोन्हीकडे दोन टप्प्यांनी जातो. मेंदू-मज्जारज्जूतून निघालेला तंतू वाटेतल्या गाठीत थांबतो, तिथून दुसरा तंतू निरोप पुढे नेतो. फरक आहे तो गाठींच्या जागेत. सिंपथेटिकचे तंतू छाती-कमरेच्या पातळीवर मज्जारज्जूतून निघतात, आणि त्यांच्या बऱ्याचशा गाठी कण्याच्या दोन्ही अंगांना माळेसारख्या ओवलेल्या असतात. एका मण्यात आलेला निरोप वरखाली पसरतो. म्हणून तर भीती एकट्यादुकट्या अवयवाला होत नाही. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, दरदरून घाम फुटतो, सगळं एकाच क्षणी. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात, तेव्हा तर निरोप रक्तासोबत अंगभर फिरतो. पॅरासिंपथेटिकच्या गाठी मात्र अवयवाच्या अगदी उंबऱ्यावर किंवा त्याच्या भिंतीतच. तिचा निरोप ज्याचा त्याला पोचतो. चिंच दिसली की तोंडाला पाणी सुटतं, पोटाला त्याची दवंडी पिटावी लागत नाही.

व्हेगस हृदयाला आवरते ते नेमकं कशानं? ग्राझचे संशोधक ओटो लोवी यांना त्याचा प्रयोग स्वप्नात सुचला, असं ते सांगत. बेडकाची दोन हृदयं. पहिल्याच्या व्हेगसला विजेनं चेतवलं, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं खारं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! नसेनं त्या पाण्यात काहीतरी सोडलं होतं. १९२१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ते ‘काहीतरी’ म्हणजे ॲसिटिलकोलीन, हे पुढे ठरलं, आणि १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं.

या दोन शाखांचा तोल सुटतो तेव्हा काय होतं, ते कोकणातल्या घराघरानं पाहिलं आहे. लाल विंचवाचं विष चेतातंतूंची सोडियमची दारं बंदच होऊ देत नाही. मग दोन्ही शाखा एकदम उधळतात. आधी अंगावरचे कपडे घामानं चिंब, तोंडातून लाळ, ओकाऱ्या. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब वर, आणि दमत चाललेल्या हृदयामागे फुप्फुसात साचणारं पाणी. रायगडात महाडजवळच्या बिरवाडीला डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून एकेक लक्षण टिपत राहिले. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी इथे उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर सिंपथेटिकचा निरोप जिथे उतरतो, ती जागाच ही गोळी अडवते. आरडाओरडा चालूच राहतो. तो ऐकणारे कान तेवढे बंद होतात.

या सगळ्या कारभारात आपल्याला हात घालायला एक फट आहे. मनगटावर तीन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या. आत घेताना नाडी किंचित घाई करते, सोडताना रेंगाळते. श्वास घेताना व्हेगस जरा ढिली पडते, सोडताना पुन्हा आवळते. तरुण नाडीत हे अधिक स्पष्ट लागतं. श्वास आपोआप चालतो खरा, पण आपलंही ऐकतो. हृदय आपलं ऐकत नाही, मात्र श्वासाच्या मागोमाग थोडंफार येतं.

घाबरलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो हुकूम घ्यायला आत कोणी बसलेलंच नाही. त्यापेक्षा ‘श्वास सावकाश सोड’ म्हणावं. निदान ते ज्याच्या कानावर जाईल, त्याची व्हेगसशी ओळख आहे.