ज्या वाटेने आजी ऊसतोडीला गेली

आमच्या घरात सहल हा शब्दच नव्हता. प्रवास होता, पण तो कामाचा. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जाणे, लग्नाला जाणे, वर्षातून एकदा सहा डिसेंबरला दादर नाहीतर अशोक विजयादशमीला नागपूर गाठणे. नुसते बघायला म्हणून गाडी करून सगळ्या घराने निघायचे, ही गोष्ट परळीच्या आमच्या वस्तीत पैसा उधळण्यात जमा होती. पण अण्णा थर्मलमधून रिटायर झाले, आम्ही दोघे भाऊ आपापल्या नोकरीला लागून दहा वर्षे झाली, आणि लेकरांनी घरात टुमणे लावले.

लेकरांची उडी एकदम लंडनवर. बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास लंडनमध्ये शिकत असताना ज्या घरात राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, ते आपण बघू, असे थोरली म्हणाली. विमानाच्या तिकिटांचा हिशेब आम्ही लाईट बिलाच्या पाठीमागे करून पाहिला आणि बिल घडी घालून ठेवून दिले. मग ठरले की बाबासाहेबांच्या लहानपणाच्या वाटेने जाऊ. सातारा, मसूर, महाड, दापोली आणि शेवटी समुद्र. डिसेंबरच्या सुट्टीत एक क्रूझर गाडी ठरवली. आजी, अण्णा, आई, आम्ही दोघे भाऊ, दोघी सुना आणि चार लेकरे, अशी अकरा माणसे. आजीची ऐंशी वर्षे उलटून गेलेली. तिला ड्रायव्हरशेजारची जागा.

निघायच्या आदल्या रात्री आजीने वीस लिटरचा निळा जार भरून दाराशी ठेवला. अण्णा म्हणाले, "माय, रस्त्यात पाण्याच्या बाटल्या मिळतेत." आजी म्हणाली, "मिळू दी. पानी आपलं आसावं."

आम्ही हसलो. परळीच्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पाणी नाही म्हणून २०१३ मध्ये आमच्या थर्मलचे संच बंद ठेवावे लागले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. आजीचा जार त्याच धास्तीचा, असे आम्ही धरून चाललो. ती धास्ती वेगळी होती, हे महाडला कळले.

पहाटे पाचला निघालो. अंबाजोगाई, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी. तोवर आजी पेंगत होती. टेंभुर्णी जवळ आली, उजनीच्या पाण्यावरचा ऊस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला, आणि आजी ताठ बसली. समोरून उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होते. मागे टायरगाड्यांची रांग, गाडीवर उसाच्या मोळ्या, मोळ्यांवर बसलेली बाई. आजी काचेला हात लावून एकेक जागा सांगू लागली. या ओढ्याला धुणे धुतले. त्या चढावर आमचा बैल बसला. तिथे, त्या विहिरीच्या अंगाला, आमची कोपी होती.

वाचकहो, बीड जिल्ह्यात ऊसतोड हा काय प्रकार आहे ते सांगायला नको. पण आमच्या लेकरांना तो माहीत नव्हता, म्हणून गाडीतच सांगणे आले. १९७२ च्या दुष्काळात आजोबा आणि आजी दोघांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढल्या साली आजोबांनी मुकादमाची उचल घेतली. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की ट्रकमध्ये भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, कोंबड्या आणि माणसे एकावर एक रचून निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. उसाच्या पाचटाची कोपी, पहाटे तीनला उठणे, एखादा दिवस आजारी पडले तर खाडा. उचल फिटायची नाही, मग पुढल्या साली पुन्हा तीच वाट. अशी चौदा वर्षे आजीने काढली.

"बाबू, थांबव की गाडी जरा," आजी म्हणाली.

अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "काय बघायचंय तिथं? साताऱ्याला अंधार होईल." ड्रायव्हरने आरशात पाहिले आणि गाडी तशीच पुढे नेली. अकलूज गेले, नातेपुते गेले, फलटण गेले, अण्णा बोलले नाहीत.

अण्णांचे हे आम्हाला जुने होते. थर्मलमध्ये कुणी विचारले तर वडील शेती करायचे असे ते सांगत. ऊस हा विषय घरात निघाला की उठून बाहेर जात. आजी-आजोबा तोडीला गेले की नऊ वर्षांचे अण्णा परळीत त्यांच्या आत्याकडे राहायचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. आत्याच्या घरात तिचीच पाच लेकरे. अण्णांचे शिक्षण त्या घरात झाले, हे आम्ही अभिमानाने सांगत आलो. ते सहा-सहा महिने कसे गेले, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी विचारले नव्हते.

साताऱ्यात सकाळी बाबासाहेबांची शाळा बाहेरून पाहिली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजी सुभेदारांनी भिवाचे नाव इथे घातले. रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर त्यांची सही आहे. हाच दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. लेकरांनी फाटकाशी फोटो काढले, कारण सुट्टीमुळे आत जाता आले नाही. मग वाट वाकडी करून मसूरच्या रेल्वे स्टेशनवर गेलो. ड्रायव्हरला कळेना की इथे बघण्यासारखे काय आहे. खरेच काही नाही. पण आपल्या माणसाने एकदा तरी त्या फलाटावर उभे राहावे असे आम्हाला वाटते.

१९०१ सालची गोष्ट. रामजी सुभेदार गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. तिथे दुष्काळग्रस्तांकडून तलाव खोदला जात होता. लेकरे साताऱ्याला आत्याजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाने लेकरांना बोलावले. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून ती आगगाडीने मसूरला उतरली. पण पत्र बापाच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, तोही गाडी पोरांनी हाकायची आणि आपण पायी चालायचे या बोलीवर. डब्यात जेवण होते, प्यायला पाणी कुणी देईना. रात्री टोलनाक्यावरही मिळाले नाही. लेकरे उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपाने छापले. थोरलीने ते फलाटावरच्या बाकावर बसून आम्हाला सांगितले. तिच्या तोंडून ऐकताना आम्हालाच नवे वाटले.

तिचे संपले तसे अण्णा म्हणाले, "त्यांना बापानं बोलावलं तरी व्हतं."

कुणाला काय बोलावे कळेना. अण्णा रुळांकडे बघत होते. "आमच्या वर्गातली पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जायची. मी आत्याला म्हनायचो, मला मायकडं लावून दे. ती म्हनायची, बोलावनं येऊ दी. कधी आलं नाही."

आजी बाकावर बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कुठं बोलावू बाबू? कोपीत दोन मानसाला पाय पसरायला जागा नव्हती. आन तू आला आसतास तर मुकादमानं तुज्या बी हातात कोयता दिला आसता."

अण्णा उठून लेकरांसाठी चहा-बिस्किटे आणायला गेले. तिथे त्या वेळी चहा मिळत नव्हता, तरी बराच वेळ आले नाहीत.

संध्याकाळी महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरलो. घाटात दोन लेकरांनी ओकाऱ्या काढल्या आणि सगळ्यांचे बोलणे पुन्हा सुरू झाले. पोलादपूरमार्गे रात्री महाडला मुक्काम. लॉजवाल्याने आधारकार्ड मागितले तेव्हा आजीने पदर सावरला. त्याने आडनाव वाचले, वहीत लिहिले, किल्ल्या दिल्या. "काही बोलला का?" आजीने खोलीत आल्यावर विचारले. काही नाही म्हटल्यावरही तिचे समाधान झालेले दिसले नाही.

दुसरा दिवस २५ डिसेंबर. १९२७ साली याच दिवशी महाडात मनुस्मृती जाळली. गावात निळे झेंडे, गर्दी, बाहेरगावच्या गाड्या. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आजीला धरून नेले. मधोमध बाबासाहेबांचा पुतळा, चारी बाजूंना गाव. आजीने पाहून घेतले आणि म्हणाली, "येवढंच? मला वाटलं समुंदरावानी आसंल."

खरेच, तळे लहान आहे. त्याच्यासाठी जे झाले ते मोठे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण कागदावरचे पाणी कुणाच्या घशात उतरले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह चालत आले आणि त्यांनी ओंजळ भरली. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करून घेतले गेले. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आजी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. धाकटा म्हणाला, "आजी, पिऊ नको, फिल्टरचं नाही." आजीने ओंजळीत पाणी घेतले, डोळ्यांना लावले, आणि जाराची गोष्ट तिथे सांगितली. एका वर्षी फडाच्या मालकाच्या घरी प्यायला पाणी मागायला गेली. घरातली बाई वरून पाणी ओतायची, हिने खाली ओंजळ धरायची, अर्धे पाणी कोपरावरून वाहून जायचे. एकदा तहानेने हात पुढे गेला आणि हंड्याला लागला. बाईने हिच्यासमोर हंडा पालथा केला आणि राखेने घासायला घेतला. "शिवी दिली नाही. घासत बसली. मी उभी." त्या दिवसापासून आजीने कॅनॉलवरून आपली कळशी आपण भरली. कुठेही जायचे तर पाणी आपले. संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तलाव हे शब्द लिहून तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.

अण्णा दोन पायऱ्या वर उभे राहून ऐकत होते. ही गोष्ट त्यांनाही नवी होती.

दुपारी मंडणगडकडे निघालो. आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, तिथे वंदन केले. रात्री दापोली. सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ इथे राहिले होते. दापोलीजवळचे वणंद हे रमाईचे गाव. तिचे वडील बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. ते ऐकल्यामुळेच आईला समुद्रापेक्षा बंदर आधी बघायचे होते. सकाळी हर्णैला गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. आम्हा परळीकरांना नाक धरून उभे राहावे लागले, हे कबूल करतो. लेकरे पाण्यात धावली. आजी मात्र दुसरीकडेच बघत होती. होड्यांवरची मासळी उतरवायला बैलगाड्या थेट लाटांत शिरत होत्या. आजी काठी टेकत एका गाडीपाशी गेली, बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला, खूर वाकून पाहिले आणि गाडीवानाला विचारले, "खाऱ्या पान्यानं खुराला जखमा व्हत नाहीत का?"

गाडीवान हसला. रोज गोड्या पाण्याने धुवावे लागतात, म्हणाला. "मंग ठीक हाय," आजी म्हणाली. समुद्राविषयी ती एवढेच बोलली.

परतीला फलटण गेले, अकलूज गेले. टेंभुर्णीच्या आधी अण्णांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "ती विहीर आली की थांबा."

विहिरीच्या अंगाला आजही कोप्या होत्या, आता वर प्लास्टिकचा कागद. माणसे केज तालुक्यातली निघाली. चुलीपाशी बसलेल्या बाईने आजीला गाव विचारले, बाकी काही विचारले नाही. आजीने पाणी मागितले. बाईने घागरीतून तांब्या भरून तिच्या हातात दिला. आजीने तो तोंडाला लावून रिकामा केला, परत दिला, आणि आम्हाला म्हणाली, "तो जार हितंच ठिवा."

अण्णा पलीकडे एका आठ-नऊ वर्षांच्या पोरापाशी उकिडवे बसले होते. पोराच्या कडेवर धाकटी बहीण. कितवीला, शाळा कोणती, गावाकडे कोण आहे, असे ते त्याला विचारत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. अण्णांनी मागे न बघता हात वर करून थांब म्हटले.