बरणीची बैठक

अकोल्याच्या जठारपेठेतील आमच्या घराच्या माजघरात, भिंतीच्या फळीखाली, तपकिरी खांद्याच्या आणि पिवळट पोटाच्या तीन चिनी मातीच्या बरण्या पन्नासएक वर्षे एकाच जागी ठाण मांडून बसलेल्या आहेत. त्यांतील थोरली रिकामी असताना सात किलो भरते, आणि मृगाच्या तोंडावर तीत कैरीचे लोणचे गळ्यापर्यंत भरून वर दादरा बांधला म्हणजे तिचे वजन वीस किलोंच्या घरात जाते. ही भरलेली बरणी घरातील एखाद्या पुरुषाने उचलल्याचे मला स्मरत नाही. ती आई उचलीत असे, आईच्या पश्चात वहिनी उचलू लागली. आणि मी, ज्याने उमेदीची तीस वर्षे विळे, खुरपी, फावडी आणि डवऱ्याची रुमणी यांच्या मुठी आखण्यात, कातण्यात आणि पुन्हा मोडून नव्याने आखण्यात घालविली, त्या मी या बरणीकडे व्यवसायाच्या नजरेने एकदाही पाहिले नव्हते. पाच वर्षांपूर्वी वहिनीच्या कंबरेत उसण भरली आणि तीन आठवडे तिला अंथरुणावरून उठवेना, तेव्हा कोठे घरातल्या मूठवाल्याला जाग आली.

अवजाराची मूठ आणि भांड्याची मूठ यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानी यायला मला वर्षभर लागले. खुरप्याची मूठ खुरप्याशी जन्माची बांधलेली असते; बरणीला मात्र जन्मजात मूठ मानवत नाही. भाजलेल्या मातीचा स्वभाव असा की तिच्यावर कितीही भार ठेवा, ती मुकाट्याने सोशील. पण तिला ओढा, ताणा, वाकवा, की ती दगा देते. दाब सोसण्याची तिची शक्ती ताण सोसण्याच्या शक्तीच्या दहापटीच्या आसपास असते. वीस किलोंचा भार दोन कानांवर टांगायचा म्हणजे त्या कानांच्या मुळाशी नेमका ताणच निर्माण करायचा. शिवाय कान असलेली बरणी भट्टीत जागा अडविते, गाडीत गवतात बांधताना अडचण करते आणि फडताळात शेजारणीला टेकू देत नाही. मोठ्या बरण्यांना कान नसतात किंवा असले तरी केवळ झाकणाची तार अडकविण्यापुरतेच असतात, याचे कारण कुंभाराचा आळस नसून त्याचे शहाणपण आहे. आपल्याकडच्या कित्येक बरण्या सौराष्ट्रातल्या थानगढ-मोरबीकडून आल्या. तिकडे हा उद्योग रुजविणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट लोणचे खाणाऱ्या मराठी माणसाला सहसा ठाऊक नसते.

तेव्हा मूठ हवी ती सुटी: लागेल तेव्हा लावावी, काम झाले की काढून खुंटीला टांगावी, आणि एकीनेच तिन्ही बरण्यांचे काम भागवावे. ही कल्पना जगाला नवी नाही. जपानी स्वयंपाक्यांची बिनमुठीची पातेली ‘यात्तोको’ नावाच्या पकडीने उचलली जातात. फ्रान्सच्या टेफाल कंपनीने १९९६ साली तव्यापातेल्यांना सुटणारी मूठ लावून मोठा व्यापार केला. आणि आपली सांडशी तर या साऱ्यांची थोरली बहीण. पण या तिघींनाही हवा असतो धातूचा पातळ, उभा काठ, जो दोन ओठांत गच्च धरता येतो. बरणीचा काठ जाड, गोल आणि ठिसूळ. तिला सांडशी लावणे म्हणजे तिच्या ओठाचा टवका उडविणे.

कामाला लागण्यापूर्वी मी हिशेब मांडला. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली ओझे उचलण्याचे जे समीकरण सिद्ध केले, ते आमच्या धंद्यात पंचांगासारखे वापरले जाते. सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर २३ किलो ही त्याची कमाल मर्यादा. मग प्रतिकूल गोष्टी जसजशा निघतील तसतशी तीतून कपात करीत जायची. ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर असेल तर कपात नाही. पण बरणीचे पोटच एवढे रुंद की हात जवळजवळ ४० सेंटिमीटर पुढे जातात, आणि तेवढ्यानेच २३ चे १४ होतात. धरायला नीट जागा नाही म्हणून त्यातला दहावा हिस्सा जातो, जमिनीलगत वाकावे लागते म्हणून आणखी जातो. अखेर हातात उरतात १० ते ११ किलो. म्हणजे आमच्या घरातील स्त्रिया दोन पिढ्या शास्त्रसंमत भाराच्या जवळजवळ दुप्पट भार उचलीत होत्या, आणि आम्ही जेवताना लोणच्याची फोड नीट मुरली नाही अशी तक्रार करीत होतो.

पहिला नमुना मी गळ्याला धरणारा केला. दादऱ्याची दोरी जेथे बसते तेथे, ओठाच्या खालच्या खाचेत, रबराचे अस्तर लावलेली पोलादी पट्टी दोन अर्ध्यांत मिटायची आणि वर आडवा दांडा. आमच्या बरणीला ती फिट्ट बसली. शेजारच्या काकूंच्या बरणीला ती सैल, आणि मामीच्या बरणीला मुळीच मिटेना. कच्च्या मातीचे भांडे वाळताना आणि भाजताना दहा-बारा टक्के आकसते; ते आकसणे भट्टीतल्या जागेवर आणि आचेवर अवलंबून असते, आणि म्हणून एकाच कारखान्याच्या एकाच मापाच्या दोन बरण्यांचे गळेही एकमेकींशी जुळत नाहीत. दोष बरणीचा नव्हता. कातीव लोखंडाच्या काटेकोरपणाची सवय लागलेल्या माझ्या नजरेचा होता.

दुसरा नमुना अधिक चतुर होता, आणि म्हणून अधिक घातक ठरला. बर्फाच्या लादीच्या चिमट्याप्रमाणे कात्रीवजा दोन बाहू, जे भार पडताच आपोआप अधिक आवळतात. ओझ्याने स्वतःच स्वतःला धरावे, ही यंत्रशास्त्रातली मोठी मोहक युक्ती आहे. माझा चिमटा प्रत्येक बाजूने बरणीच्या वजनाच्या सव्वापट, म्हणजे सुमारे २५ किलोंच्या बळाने दाबीत असे. कोरड्या झिलईवर रबराला एवढे बळ पुष्कळ होते, कारण तेथे १७ किलोंनीच काम भागते. पण लोणच्याच्या बरणीची झिलई कोरडी असते कधी? तेलाचा ओघळ पोटावरून उतरलेला असला की घर्षण सहावा हिस्साही उरत नाही, आणि मग तीच बरणी धरून ठेवायला प्रत्येक बाजूने शंभर किलोंचा दाब हवा. हे मी कागदावर मागाहून मांडले. आधी मामीची बरणी तिच्या स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत मिरवीत नेली, आणि उंबरठ्याशी ती चिमट्यातून इतक्या शांतपणे खाली सरकली की क्षणभर मला वाटले, मीच ती ठेवीत आहे. वर्षाचे लोणचे फरशीवर पसरले. मामी काही बोलली नाही. तिने राखेची पाटी आणून माझ्यापुढे ठेवली.

त्या दिवशी राख पसरायला आलेल्या शेजारच्या काकू मात्र बोलल्या. “भाऊ, उचलाचं कोनालेबी जमते जी, ठेवाचं पाहा.” मी तीस वर्षे मुठी केल्या आणि त्या साऱ्या धरण्यासाठी केल्या, सोडण्याचा विचार अवजारांच्या बाबतीत कधी करावाच लागला नव्हता. बरणीच्या बाबतीत खरा कठीण क्षण उचलण्याचा नसतोच. वाकलेल्या कंबरेने, फळीखालच्या अंधारात, बोटे चेमटू न देता तिला जमिनीला टेकविणे आणि मग हात काढून घेणे, हा तो क्षण. वहिनीची कंबर गेली तीही बरणी ठेवताना.

नजर अशी फिरल्यावर मला उत्तराच्या खुणा गावातच दिसू लागल्या. कापसाच्या बाजारातला हमाल १७० किलोंच्या गाठीला आकडा मारतो तेव्हा ओढ असेपर्यंत तो आकडा जागचा हलत नाही. गाठ टेकली, मनगट किंचित फिरले की आकडा मोकळा. हीही सुटी मूठच, आणि धरण्याइतकीच सोडण्यातही तरबेज. मांजराच्या भाग्याने तुटणारे शिंकेसुद्धा मडक्याला खालून तोलते, गळ्याला हात लावीत नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी अकोलेकराला सांगायला नकोत. शेकडो भरणी, म्हणजे पाण्याने भरलेली भांडी, बांधलेल्या त्या कावडी रात्रभर वाहिल्या जातात, आणि मुठीच्या धंद्यातल्या माणसाला त्यात भक्तीच्या जोडीने एक साधा हिशेबही दिसतो: ओझे कमी झालेले नाही, खांदे वाढले आहेत. चार्ल्स व रे इम्स या अभिकल्पक दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या आपल्या अहवालात साध्या लोट्याची केवढी थोरवी गाइली आहे! त्यांची दृष्टी शिंक्यावर आणि हमालाच्या आकड्यावर पडती तर आणखी चार पाने वाढती, असे मला नेहमी वाटते.

तिसरा नमुना, जो आज वापरात आहे, तो बरणीला धरीतच नाही. बरणी बाभळीच्या लाकडाच्या एका गोल बैठकीवर कायमची बसलेली असते. पूर्वीची अडणी जशी तीन पायांची, तशीच ही, फक्त बसकी. बैठकीच्या काठाला समोरासमोर खालच्या अंगाने दोन-दोन खाचा. प्रत्येक बाजूला पोलादी सळईची एक कमान. तिची खालची दोन टोके आकड्यासारखी वळवून त्या खाचांत अडकतात, आणि वरच्या अंगाला ३० मिलिमीटर जाडीची कातीव लाकडी मूठ. आकड्याच्या टोकाला एक बारीक उंचवटा आहे, तो खाचेतल्या खळग्यात बसतो. भार असेपर्यंत तो खळग्यातून निघूच शकत नाही. बैठकीचे पाय जमिनीला लागले आणि कमान जेमतेम ६ मिलिमीटर खाली उतरली, की उंचवटा मोकळा होतो आणि कमान बाहेरच्या बाजूला अलगद ओढून घेता येते. बरणी टेकण्यापूर्वी सुटणार नाही आणि टेकल्यावर अडणार नाही. साऱ्या खटाटोपाचे मर्म त्या ६ मिलिमीटरांत आहे, आणि ते साधायला मला अकरा बैठका फुकट घालवाव्या लागल्या.

बाकीचे किरकोळ. मुठी बरणीच्या गुरुत्वमध्याच्या वर येतात, म्हणून ती उलटत नाही. तरी डुलू नये यासाठी खांद्याभोवती खाटेच्या नवारीचा एक पट्टा दोन्ही कमानींना बांधून घेतो. नवार धुता येते, उन्हात घालता येते, आणि ज्या घरी लोणच्याला सोवळ्याचा बंदोबस्त आहे तेथे तिची वेगळी जोडी ठेवता येते. मुठीची लांबी साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी असू नये आणि बोटांमागे पाच सेंटिमीटरांची मोकळीक हवी, हे त्या १९९१ च्या समीकरणासोबतचे दंडक. पण जाडी ठरविताना मी अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केलेला, देबकुमार चक्रवर्तींचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ पुढे ठेवला, कारण अमेरिकन शिपायाच्या पंजासाठी कातलेली मूठ आमच्या वहिनीने का धरावी? सळई आठ मिलिमीटरांची घेतली. वजनाच्या हिशेबाने पाचाची पुरली असती. उरलेले तीन मिलिमीटर धरणाऱ्याच्या धीरासाठी.

कमानी दोन, म्हणून माणसेही दोन. या गोष्टीवर माझ्या मित्रांनी पुष्कळ आक्षेप घेतले: मूठ एकट्या माणसाला चालली पाहिजे, नाही तर तिचा उपयोग काय? मला हा आक्षेप मान्य नाही. एकटीने उचलता येईल अशी मूठ मी करू शकलो असतो, पण ११ किलोंची मर्यादा मुठीच्या सोयीने फार तर दोन-तीन किलोंनी वाढते, वीस होत नाही. आणि वीस किलो एकटीने उचलण्याची सोय करून देणे म्हणजे तिच्या कंबरेविरुद्ध दस्तऐवज लिहून देण्यासारखे आहे. यंदाच्या मृगात एका कमानीला वहिनी होती आणि दुसऱ्या कमानीला मी. ठेवताना ती “हं” म्हणाली, आणि मी दोन अंगुळे उशिरा टेकविली. हा दोष मुठीत नाही.

एकस्वासाठी अर्ज करा, निदान आकृतीची नोंदणी तरी करा, असेही काहींनी सुचविले. २००० सालच्या कायद्याने वस्तूच्या दर्शनी रूपाला दहा आणि पुढे मुदतवाढीने पाच वर्षांचे संरक्षण मिळते खरे. पण दर्शनी रूप म्हणावे असे त्या बैठकीत काहीच नाही, आणि तिच्यातली युक्ती कापूस बाजारातल्या हमालाची आहे. दुसऱ्याच्या मालावर आपले नाव रुजू करणे मला रुचले नाही. कोणीही करावी, कोणताही सुतार आणि कोणताही लोहार दोन दिवसांत करून देईल.

करवून घेणाऱ्यांना इतकेच सांगणे: सुताराकडे जाताना बरणीचे तोंड मोजू नका, बूड मोजा, आणि ते दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा, कारण बुडेही क्वचितच नेमकी गोल असतात. बैठकीचे पाय एकाच पातळीत आहेत याची काचेवर ठेवून खात्री करून घ्या. आणि बरणी तिच्यावर बसवायची ती रिकामी असताना, वैशाखातच, कैऱ्या घरात येण्यापूर्वी.