पुराच्या रात्रीचा आकडा

पूरसूचना यंत्रणेवर ‘वाचकांना झेपेल असं’ लिहा, असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो. नदीची पातळी आणि पाऊस मोजणाऱ्या उपकरणांचे आकडे बिनतारी मार्गाने कचेरीपर्यंत पोचवणं हे माझं काम. पुलाखाली बसवलेलं रडार पाण्यापर्यंतचं अंतर बिनचूक मोजतं, त्यात आता काही कठीण उरलेलं नाही. कठीण आहे तो आकडा वेळेवर पोचवणं.

ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पावसात तिळारी धरणाचं पाणी सोडलं गेलं आणि पेडण्यातलं इब्रामपूर, हणखणे, चांदेल, डिचोलीतलं साळ या गावांत पूर आला. धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. बुडणारी घरं गोव्यात. अशा ठिकाणी वरच्या पातळीचा आकडा तासभर आधी कळला, तर गोठ्यातली गुरं सोडता येतात, म्हाताऱ्या माणसांना हलवता येतं.

लोक म्हणतात, पावसाने रेंज जाते. हे ऐकलं की मला राहवत नाही. आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. काही मिलिमीटरचा थेंब तिला अडवत नाही. अडवतात ती भिजलेली झाडं. चार किलोमीटरच्या बिनतारी दुव्यात मध्यावर लहरीला वर आणि खाली प्रत्येकी साधारण १८ ते १९ मीटरचा पट्टा लागतो, त्यातला निदान साठ टक्के मोकळा हवा. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झालं, असं नव्हे. मे महिन्यात चाचणी घेऊन उत्तम म्हणून शेरा मारलेला दुवा जुलैत दाट, ओल्या पानांमागे क्षीण होतो. म्हणून चाचणी पावसात घ्यावी, असं मी सांगत आलो आहे. पण कामं जूनपूर्वी संपवायची असतात.

मोबाइलचं सिम स्वस्त पडतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. वादळात झाड पडून वीज जाते, मनोऱ्याची बॅटरी काही तासांत उतरते आणि नेमका तेव्हाच नदीचा आकडा थांबतो. दोन कंपन्यांची सिमं घालून सुटका होत नाही, कारण दोघींच्या अँटेना पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर असतात. खरा दुसरा मार्ग म्हणजे सड्यावरचा स्वतःच्या सौरपटलावर चालणारा रिपीटर, नाहीतर उपग्रह. हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रं ४०२ मेगाहर्ट्झच्या आसपास इन्सॅट उपग्रहांकडे आकडे पाठवतात. त्या लहरींनाही पाऊस रोखत नाही.

यंदा एका स्थानकाचा आकडा पाणी चढत असतानाच थांबला. तो विषय माझ्या डोक्यातून जात नाही, कारण कागदावर सगळं ठीक आहे. वर्षभरात नव्व्याण्णव टक्के आकडे आले, कराराची अट पूर्ण झाली, बिल मंजूर. हिशेब करून पाहा. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे वर्षाला ३५,०४० नोंदी. त्यातला एक टक्का म्हणजे ३५०, सुमारे ८७ तास. साडेतीन दिवसांहून जास्त गप्प राहण्याची मुभा! साळला बुडायला एक रात्र पुरते. जानेवारीतली कोरड्या नदीची नोंद आणि पुराच्या रात्रीची नोंद ज्या सरासरीत सारख्याच तोलाच्या ठरतात, ती सरासरी मला मान्य नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी इशारा पातळीच्या वर असतानाच्या नोंदी करारात वेगळ्या मोजाव्यात आणि पैसे त्यावर द्यावेत. खर्च वाढतो, हे खरं. दुसरा मार्ग बसवावा लागेल, ढगाळ आठवडा काढेल इतकी बॅटरी लागेल, जांभ्या दगडात नीट अर्थिंग करावं लागेल, आणि मे अखेरीस पटलावरची धूळ पुसून जोडण्या तपासायला गावातलाच एक पगारी माणूस नेमावा लागेल.