भोपळ्याचा दिवा

धर्मगुरूच्या प्रवचनातील पुष्कळसा भाग भाविक मिस्सा आटोपून घरी पोहोचेपर्यंत विसरून जातात, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. परंतु त्याच्या तोंडून एखादा कठोर शब्द गेला, तर तो मात्र वर्षानुवर्षे त्यांच्या मनात राहतो. असा एक शब्द २९ ऑक्टोबर २०२३ च्या रविवारी माझ्या तोंडून गेला. त्याची ही हकिगत आहे.

त्या आठवड्यात सांगलीतील आमच्या काही मुलांच्या हाती शाळेतून एक चिठ्ठी आली होती. मंगळवारी, ३१ तारखेला, शाळेत ‘हॅलोवीन’ साजरा होणार असून लहान वर्गांतील मुलांनी भुताखेतांच्या वेशात यावे, असे त्यात लिहिले होते. चिठ्ठी वाचून माझा संताप झाला. सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी मुलांनी भुते व्हावे, हे मला सहन होईना. रविवारी वेदीजवळून मी म्हणालो, “ज्या घराच्या भिंतीवर क्रूस आहे, त्या घरातील आईने आपल्या लेकरासाठी भुताचा अंगरखा शिवावा, याची मला लाज वाटते.” देवळात शांतता पसरली. प्रवचन प्रभावी झाले असे मला वाटले.

पुढचे दोन रविवार एक बाई मिस्सेला दिसल्या नाहीत. २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत कबरींना आशीर्वाद दिला तेव्हाही त्या नव्हत्या. हे मला खटकले, कारण त्यांचे यजमान त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वारले होते आणि त्यांचा दफनविधी माझ्याच हातून झाला होता. पदरात सहा वर्षांचा मुलगा. साड्यांना फॉल-पिको करून संसार चालविणारी ती माउली. दिवाळीच्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेलो.

चहा पुढे ठेवून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “फादर, दुकानात भाड्याचा ड्रेस चारशे रुपये सांगत होते. तेवढ्यात आमचा आठवड्याचा किराणा येतो. म्हणून जुनी पांढरी चादर कापली आणि रात्री मशीनवर बसले. वर्गात माझा एकटाच वेगळा दिसू नये, एवढंच मनात होतं. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही लाज वाटते म्हणालात.”

मी मान खाली घातली. पण त्यांचे सांगणे संपले नव्हते. शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची कबर करून तिच्यातून कागदी सांगाडा वर येताना दाखविला होता. मुलगा त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. रात्री त्याने आईला विचारले, “आई, आपले पप्पा आता असे झालेत का?”

“मला काही सुचलं नाही, फादर. तुम्हाला विचारायला यावं, तर कोणत्या तोंडानं येणार?”

सेमिनरीत मी अनेक वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. मृत्यू, न्याय, शुद्धिस्थान आणि स्वर्ग या विषयांवर परीक्षा दिल्या. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी हे सारे शिक्षण घ्यावयाचे, तो प्रश्न माझ्या धर्मग्रामातील एका बालकाने विचारला होता, आणि तो माझ्यापर्यंत येण्याची वाट मीच बंद केली होती. मुलाला जवळ घेऊन मी साध्या शब्दांत सांगितले की, तुझे पप्पा देवाच्या हाती आहेत. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, आणि एक दिवस देव आपल्याला पुन्हा एकत्र करणार आहे. नोव्हेंबरचा सगळा महिनाच ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखला आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दफनभूमीत गेलो. मुलाने कबरीवर मेणबत्ती लावली. वारा होता, त्यामुळे ती तीनदा लावावी लागली. १९ नोव्हेंबरच्या रविवारी, ज्या जागेवरून मी तो शब्द उच्चारला होता, तेथूनच मी कोणाचेही नाव न घेता भाविकांची क्षमा मागितली.

क्षमा मागितली तरी प्रश्न उरलाच होता. मुलांना ‘हे करू नका’ म्हणणे सोपे. मग त्या संध्याकाळी त्यांनी काय करावे? मी पुन्हा पुस्तके उघडली. ‘हॅलो’ हा संत या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे आणि ‘हॅलोवीन’ म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. पोप तिसरे ग्रेगरी यांनी आठव्या शतकात रोम येथील संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनालय समर्पित केले. पुढच्या शतकात, पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात, १ नोव्हेंबर हा सण पश्चिम युरोपात रूढ झाला. फ्रान्समधील क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी इ. स. ९९८ च्या सुमारास त्याला लागूनच मृत भाविकांचा दिवस जोडून दिला. इंग्लंडमध्ये गोरगरीब व मुले या दिवसांत दारोदार जात, त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत आणि मोबदल्यात त्यांना लहान गोड पाव मिळत. पोर्तुगालमध्ये आजही काही ठिकाणी १ नोव्हेंबरला मुले देवाच्या नावाने पाव व खाऊ मागत फिरतात. आयर्लंडचे लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेल्यावर त्यांना तेथला मोठा भोपळा मिळाला आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

म्हणजे मुलांनी दारोदार जावे, हातात दिवा असावा, तोंडात गोड घास पडावा, यात आपल्याला परके असे काही नव्हते. मृतांसाठी करावयाची प्रार्थना तेवढी वाटेत गळून गेली होती आणि तिच्या जागी दुकान आले होते.

यावर काय करावे, हे मला साताऱ्याच्या आठवणीने सुचविले. तिकडे सेवेत असताना दिवाळीत मी अंगणोअंगणी मुलांनी केलेले किल्ले पाहत असे. दगड, विटा आणि जुने पोते यांवर चिखल लिंपून कोणी प्रतापगड उभारी, कोणी अजिंक्यतारा; उतारावर अळीव पेरून हिरवळ आणली जाई. गडावरचे मातीचे मावळे तेवढे बाजारातून येत. मुले आठ-आठ दिवस त्यात रमून जात. माझ्या मनात आले, आपला सणही असाच घरातल्या वस्तूंतून का होऊ नये?

२०२४ च्या ऑक्टोबरात धर्मशिक्षण वर्गाच्या मातांना मी बोलावले आणि एकच नियम सांगितला : मुलांनी ३१ तारखेच्या संध्याकाळी एखाद्या संताच्या वेशात यावे, मात्र वेशासाठी एक रुपयाही खर्च करू नये. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. शेजारच्या घरांवर आकाशकंदील लागले होते आणि त्यांच्या उजेडात आमचे बावीस संत देवळाच्या आवारात जमले. अंगणातल्या रांगोळ्या सोडून शेजारची मुलेही पाहावयास आली. गव्हाच्या पोत्याचा झगा घालून वसईचे संत गोन्सालो गार्सिया आले होते. पांढऱ्या पंचाला निळी फीत लावून दोन मदर तेरेसा आल्या. आजोबांचा फेटा आणि हाती खुरपे अशा थाटात शेतकऱ्यांचे संत इसिदोर आले. लिझ्यूच्या संत तेरेजाला गुलाब मिळाले नाहीत. तिने झेंडूवर भागविले.

सर्वांत शेवटी तो मुलगा आला. अंगात तोच पांढरा अंगरखा होता. त्यावर आईने काळ्या ब्लाउजपीसचा पट्टा खांद्यावरून सोडला होता आणि हातात घरचा केरसुणीचा झाडू होता. पेरू देशातील डॉमिनिकन मठात झाडलोट आणि रुग्णसेवा करणारे संत मार्टिन द पोरेस! त्यांचा सण ३ नोव्हेंबरलाच असतो. अंगरखा ओळखून मी त्या माउलीकडे पाहिले. त्या हसल्या.

तासगावकडच्या एका कुटुंबाने तीन लाल भोपळे दिले होते. मोठ्यांनी वरची चकती कापली, मुलांनी चमच्यांनी गर खरवडला. राक्षसाच्या तोंडाऐवजी आम्ही तारा आणि क्रूस कोरला. चकतीला भोक ठेवावे लागते, नाहीतर आतली पणती विझते. हे आम्ही पहिला भोपळा काळा झाल्यावर शिकलो. गर वाया जाऊ दिला नाही. तो किसून गुळात शिजविला, त्यात मावेल तेवढी कणीक मळली आणि मातांनी घारगे तळले. बिया धुऊन वाळत घातल्या. तेल, गूळ आणि फुटाणे यांना मिळून आठशे रुपयेही लागले नाहीत. म्हणजे दोन भाड्याच्या वेशांपेक्षा कमी.

मग मुले भोपळ्याचे दिवे घेऊन जवळच्या ख्रिस्ती घरांत गेली. त्यांनी खाऊ मागितला नाही. प्रत्येक घरी एक घारगा दिला आणि त्या घरातील मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून मागितली. एका वृद्ध आजींनी सात नावे सांगितली, आणि ती सांगताना प्रत्येकाविषयी काहीतरी सांगितल्याशिवाय त्यांनी मुलांना पुढे जाऊ दिले नाही. २ नोव्हेंबरला ती टोपली वेदीपाशी ठेवून मी मिस्सा अर्पण केली, आणि दफनभूमीत मुलांनी एकेक नाव मोठ्याने वाचले. त्या मुलानेही आपल्या पप्पांचे नाव वाचले.

२०२५ मध्येही आम्ही हेच केले. त्या वर्षी ७ सप्टेंबरला वयाच्या पंधराव्या वर्षी वारलेल्या कार्लो अकुतिस यांना संतपद मिळाले होते. त्यामुळे एक मुलगा रोजची जीन्स आणि बूट घालूनच आला व म्हणाला, “फादर, माझा संत सगळ्यांत स्वस्त!”

माझ्या धर्मगुरू बंधूंना आणि वाचक कुटुंबांना मला एवढेच सुचवावयाचे आहे. मुलांच्या हातून एखादी गोष्ट काढून घ्यावयाची असेल, तर प्रथम त्यांच्या घरी जाऊन यावे, आणि जाताना त्यांच्या हाती देण्यासारखे काहीतरी बरोबर न्यावे. मी हे उलट्या क्रमाने केले.

परवा ती माउली मिस्सेनंतर थांबली. म्हणाली, “फादर, पोरगा उंच झाला. अंगरखा आखूड पडतोय. पण चादरीचा तुकडा उरलाय माझ्याकडे. या वर्षी खाली जोड देते.”